इमल्शनआधीची जाळी

स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप, चढवण्याआधी ती धुऊन तिचा तेलकटपणा पूर्ण काढावा लागतो. इमल्शन पाण्यात कालवलेले असते, तर आजची जाळी पॉलिएस्टरच्या गुळगुळीत एकेरी धाग्याची असते. पॉलिएस्टर मुळातच पाणी फारसे धरत नाही. त्यावर बोटाचे, शाईचे किंवा रॉकेलचे तेल असले की ओले इमल्शन त्या जागेवरून मागे सरते. तिथे लहानसा गोल खळगा दिसतो. सुकल्यावर त्या ठिकाणचा थर पापुद्र्यासारखा पातळ राहतो, आणि एक्सपोजरनंतर पाण्याचा फवारा मारला की डिझाइनची कड नेमकी तिथेच सुटते. कधी ती फवाऱ्यात टिकते आणि निम्मी छपाई झाल्यावर सुटते. हे त्याहून वाईट, कारण तोवर शाई, कापड आणि दिवस तिन्ही खर्ची पडलेले असतात.

असे झाले की बहुतेक ठिकाणी पहिला संशय इमल्शनवर जातो. माल जुना निघाला, त्याला उजेडाने कडक करणारे बायक्रोमेट कमी पडले, एक्सपोजरच्या ट्यूब मंद झाल्या, असे बोलले जाते. मग एक्सपोजरची वेळ वाढवतात. थर जास्त कडक होतो, बारीक अक्षरांच्या फटी बुजतात आणि मूळ दोष जाळीवर तसाच राहतो. अनेक हंगाम काढलेला कारागीर इमल्शनच्या डब्याकडे वळण्याआधी जाळी उजेडात धरतो.

जालन्यात छोट्या स्क्रीन प्रिंटरकडे येणारे काम साधारण दोन टोकांचे असते. एका टोकाला कापडी पिशव्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले.  बियाणे म्हटले की पिशवी आली, आणि पिशवी म्हटली की तिच्यावर पिकाचे, वाणाचे, कंपनीचे नाव आले. दुसऱ्या टोकाला लग्नपत्रिका: गणपती, कलश, आणि ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’पासून अगदी खाली ‘स्नेहांकित’पर्यंत बारीक अक्षरांच्या ओळी. पिशवीला सेंटीमीटरमागे ४० ते ६० धाग्यांची जाळी चालते, पत्रिकेच्या बारीक अक्षरांना १२० च्या आसपासची लागते. १२० धाग्यांच्या जाळीत धागा साधारण ३४ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे दोन धाग्यांमधली फट जेमतेम ४९ मायक्रॉनची उरते. माणसाचा केस त्याहून जाड असतो. इतक्या लहान खिडकीत धुळीचा एक कण किंवा वाळलेल्या क्षाराचा एक ठिपका पुरेसा असतो. एखादा अनुस्वार नाहीसा होतो आणि नवरदेवाचे नाव बदलते.

जाळी धुणे म्हणजे पाण्याचे काम, आणि जालन्यात पाणी जपून वापरण्याची सवय घराघरांत मुरलेली आहे. निजामकाळातला घाणेवाडी तलाव, पैठणच्या जायकवाडीहून आलेली पाइपलाइन, काही दिवसांआड येणारा नळ, आणि २०१२-१३ च्या दुष्काळातले टँकर हे सगळे इथल्या लोकांनी पाहिले आहे. उरलेली गरज बोअर भागवते. दख्खनच्या काळ्या खडकातले हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही. पांढरट, चिकट साका मात्र धरतो. बादलीच्या कडेला आणि न्हाणीच्या फरशीवर दिसणारा तो साका जाळीवरही बसतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. तेल काढायला घेतलेला साबणच तेलकट थर मागे ठेवून जातो. पुण्या-मुंबईत शिकून आलेल्या कारागिराला इथे पहिल्या महिन्यात कोडे पडते ते हेच: रीत तीच, हात तोच, आणि इमल्शन मात्र सुटते.

या जाळीचे मूळ पिठाच्या गिरणीत आहे. पीठ चाळण्यासाठी विणलेले रेशमी बोल्टिंग कापड छपाईच्या चौकटीवर ताणले गेले; मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. रेशमाचा धागा पिळाचा आणि खरबरीत, त्यामुळे स्टेन्सिल त्याला आपोआप धरून राहायचे. पण ब्लीच लागले की रेशीम विरघळते, म्हणून जुने स्टेन्सिल काढून जाळी पुन्हा वापरणे अवघड होते. पॉलिएस्टर आल्यावर उलटे झाले. जाळी कितीही वेळा धुता येऊ लागली, मात्र धरून ठेवण्याचा तिचा स्वभाव गेला. आज धुण्यावर जो भर द्यावा लागतो तो या अदलाबदलीमुळे.

नवी जाळी कोरी दिसते, म्हणून ती न धुता थेट कोटिंगला घेण्याचा मोह होतो. ती स्वच्छ नसते. विणताना आणि गुंडाळताना लागलेले द्रव्य तिच्यावर असते. दुकानात मीटरने मोजताना हात लागतात. फ्रेमवर ताणून चिकटवताना तर चारही बाजूंनी बोटे फिरतात. वरवर धुतली तरी हे डाग काठाशी तग धरून राहतात. लग्नसराईत असा प्रसंग हमखास येतो. नवी फ्रेम, घाईघाईत धुतलेली, इमल्शन चांगले सुकलेले, आणि फवारा मारताच उजव्या कोपऱ्यात बरोबर अंगठ्याएवढा तुकडा निघून येतो. भिंगाखाली पाहिले तर उरलेल्या कडेवर अंगठ्याच्या रेषाही ओळखू येतात. सकाळी डोक्याला खोबरेल लावून आलेल्या मुलाने फ्रेम उचलताना आतून आधार दिलेला असतो, एवढेच. म्हणून उस्तादाचे पहिले वाक्य सगळीकडे एकच असते: ‘चौकटीला धर बाळा, जाळीला नको.’

वापरलेल्या जाळीचे काम लांबते, आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी शाई, मग जुने इमल्शन, मग गरज असेल तर डाग, आणि सगळ्यात शेवटी तेलकटपणा. शेवटची पायरी शेवटीच यायला हवी, कारण आधीच्या पायऱ्यांतले बरेचसे पदार्थ स्वतःच तेलकट असतात. रॉकेल शाई छान काढते आणि त्याच्या जागी स्वतःचा पातळ थर सोडते. थिनर लवकर उडतो, तरी शाईतले तेल तो जाळीभर पसरवून जातो.

छपाई संपली की शाई लगेच काढावी. स्क्विजीने, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीने, ओढून उरलेली शाई डब्यात परत घ्यावी, मग चिंधीने दोन्ही बाजू पुसाव्यात, आणि थिनर सगळ्यात शेवटी. या क्रमाने थिनर बराच कमी लागतो. मे महिन्यात दुपारी शाई जाळीत दहा मिनिटांत धरते, म्हणून चहाला जाण्याआधी हे काम झालेले असावे. थिनर बंद खोलीत उघडू नये. शेजारी गॅसची शेगडी किंवा विडी असेल तर अजिबात नाही.

जुने इमल्शन काढायला छोट्या ठिकाणी अजून ब्लीचिंग पावडर वापरतात. ती स्वस्त आहे आणि किराणा दुकानात मिळते. मात्र पावडर कालवून तशीच ओतली तर तिच्यातले न विरघळलेले चुन्याचे कण जाळीच्या फटीत अडकतात आणि नंतर तेच पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढी भोके, होऊन छपाईत दिसतात. पावडर बादलीत कालवून रात्रभर ठेवावी आणि सकाळी वरची निवळीच घ्यावी, तीही कापडातून गाळून. यासाठीच बनवलेले द्रव्य, म्हणजे सोडियम मेटापीरियोडेटचे द्रावण, महाग असले तरी जाळीला सौम्य आहे. दोन्ही बाजूंना ब्रशने लावून एक-दोन मिनिटे थांबले की इमल्शन मऊ होऊन ओघळू लागते. त्याची एक अट कठोर आहे. ते जाळीवर सुकता कामा नये. सुकले तर इमल्शन कायमचे घट्ट बसते, मग कशानेही निघत नाही, आणि ताणलेली जाळी कापून टाकावी लागते. चैत्र-वैशाखात, उन्हाच्या झळा दारातून आत येत असताना, हे सुकायला वेळ लागत नाही. त्यामुळे हे काम सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर, एका वेळी एकच फ्रेम घेऊन करावे. मऊ झालेला थर जोराच्या फवाऱ्याने निघतो. गाड्या धुण्याचा पंप इथे चांगला चालतो, फक्त नोझल जाळीच्या अगदी जवळ नेऊ नये.

ब्लीच किंवा पीरियोडेट यातले काही जाळीत उरले तर ते पुढच्या इमल्शनलाही खाते. नव्या थरात कारण नसताना झिरझिरीतपणा आला तर बहुधा मागच्या धुण्यातले द्रव्य राहिलेले असते. आणखी एक गोष्ट नव्या मुलाला पहिल्याच दिवशी, कामाला हात लावण्याआधी सांगायला हवी: ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ द्यायचे नाही. दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. छोट्या मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

इमल्शन गेल्यावर जाळीवर मागच्या डिझाइनची फिकट सावली राहते. ही सावली म्हणजे धाग्यात मुरलेला रंग. ती पाहून अनेकजण कॉस्टिक सोड्याची पेस्ट लावतात, आणि दर वेळी लावतात. हे टाळावे. फटी मोकळ्या असतील तर सावलीने काही बिघडत नाही. जाळी उजेडात धरली की ते कळते. तीव्र कॉस्टिक पॉलिएस्टरलाही हळूहळू कुरतडते, जाळीचा ताण उतरतो, आणि एक दिवस स्क्विजीखाली ती कोपऱ्यातून फाटते. कॉस्टिकसाठी रबरी हातमोजे आणि चष्मा लागतोच. डोळ्यात थेंब उडाला तर डोळा भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन थेट डॉक्टरकडे जावे.

यानंतर मुख्य काम. तेलकटपणा काढण्यासाठी बाजारात डिग्रीझर मिळते, आणि परवडत असेल तर तेच उत्तम. परवडत नाही तिथे भांडी घासण्याच्या साबणाची वडी हाती लागते. या वड्यांत आणि द्रव साबणांत सुगंध आणि हात मऊ ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. ती जाळीवर राहतात. शांपूचे तेच. भांड्यांच्या पावडरीचे कण ओबडधोबड असतात, फटीत रुततात आणि धाग्यावर चरे पाडतात. पितळ उजळवणाऱ्या पावडरी तर या कामाला मुळीच नकोत. जड पाण्यात साबणापेक्षा डिटर्जंट बरे, कारण क्षारांबरोबर त्याचा साका धरत नाही. मात्र ते बिनसुगंधी, साधे असावे आणि थोडेच घ्यावे. जुन्या पद्धतीत २० टक्के कॉस्टिक सोड्याने जाळी घासून, धुऊन, ५ टक्के ॲसेटिक ॲसिडने तिचा क्षारपणा मारत आणि पुन्हा धुवत. ही रीत आजही काम देते. पण वर सांगितलेल्या धोक्यांमुळे रोजच्या रोज तिची गरज नाही.

घासण्याचा ब्रश मऊ नायलॉनचा आणि फक्त याच कामाचा असावा. शाईला लागलेला ब्रश इथे आला की सगळे मुसळ केरात. जाळी आधी दोन्ही बाजूंनी ओली करतात, मग ब्रशवर द्रव्य घेऊन लहान लहान गोल हात फिरवतात: आधी छपाईची बाजू, मग स्क्विजीची. चौकटीच्या आतल्या कडा आणि कोपरे विसरायचे नाहीत. तिथे चिकटपट्टीचा गोंद आणि जुनी शाई दबा धरून असते, आणि धुताना तीच ओघळून मधल्या स्वच्छ भागावर येते. म्हणून चौकट आधी, जाळी नंतर. लाकडी चौकटीच्या सांध्यांत द्रव्य मुरते आणि सुकताना पुन्हा बाहेर झिरपते, तेव्हा सांध्यावर जास्त वेळ पाणी धरावे लागते.

आता परीक्षा. धुतलेली फ्रेम उभी धरून वरच्या कडेने हळू पाणी सोडतात आणि थांबतात. जाळी स्वच्छ असेल तर पाणी काचेसारखा एकसंध पडदा होऊन खाली उतरते. पलीकडचा उजेड त्यातून सारखा दिसतो आणि तो पडदा काही क्षण तसाच राहतो. तेल राहिले असेल तर पडद्याला एका ठिकाणी भोक पडते. भोकाची कड मागे सरकत जाते, मोठी होते, आणि तिथली जाळी इतर भागाआधीच कोरडी, मंद राखाडी दिसू लागते. बोट न लावता त्या जागेची खूण डोळ्यात ठेवून तेवढाच भाग पुन्हा घासतात. अनेकदा हे भोक फ्रेम जिथून उचलली जाते तिथेच पडते. कोरड्या जाळीकडे पाहून ती स्वच्छ आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, तीस वर्षे काम केलेल्यालाही नाही. ते पाणीच सांगते. या दोन-तीन क्षणांसाठी थांबण्याचा धीर ज्याच्याकडे आहे त्याच्या स्क्रीन टिकतात.

जिथे इनडायरेक्ट फिल्म वापरतात तिथे एक पायरी वाढते. या पद्धतीत फिल्म आधी एक्सपोज करून, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कडक करून, कोमट पाण्याने धुतात आणि मगच ओल्या जाळीवर बसवतात. इमल्शन धाग्याला चारही बाजूंनी वेढते. फिल्म फक्त वरून टेकते. म्हणून तिला पकड मिळावी यासाठी नव्या जाळीची छपाईची बाजू ५०० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइड पावडरीने ओल्या फडक्याने एकदाच हलकी घासतात. ही पावडर एकसारख्या बारीक कणांची असते आणि धुऊन पूर्ण निघते. थेट इमल्शनच्या कामाला ही घासणी सहसा लागत नाही.

पाण्याची आखणी ही जालन्यातल्या कारागिराची खास जमेची बाजू आहे, आणि तिला दाद द्यायला हवी. धुण्याच्या प्रत्येक पायरीला सारखे पाणी लागत नाही. पहिल्या धुण्याला नुसते भरपूर पाणी हवे. ते जड असले, आधी वापरलेले असले तरी चालते. शेवटच्या धुण्याला थोडेच हवे, पण क्षार नसलेले. जड पाणी जाळीवर सुकले की मागे पांढरे ठिपके राहतात आणि ४९ मायक्रॉनच्या खिडकीत तो ठिपका दगडासारखा असतो. यासाठी आरओच्या पाण्याचा २० लिटरचा जार आता गल्लोगल्ली मिळतो. लहान फ्रेमला वरून सोडलेले दोन तांबे पुरतात. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेले, गाळलेले पाणी त्याहून सरस. शेवटचे हे पाणी खाली परातीत धरून पुढच्या फ्रेमच्या पहिल्या धुण्याला घेतात. अशी साखळी लावली की दिवसाच्या चार-पाच फ्रेम मोजक्या पाण्यात निघतात आणि कुठल्याही पायरीत काटकसर होत नाही.

वापरून झालेले पाणी नालीत सोडले की नालीचा शेवट कुंडलिकेत होतो. त्या पाण्यात शाईचा गाळ, कॉस्टिक आणि बायक्रोमेट असते. बायक्रोमेटमधले क्रोमियम विषारी आहे; त्याने हाताला चरे पडतात, जखमा होतात, आणि त्याचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. निदान गाळ तरी पिंपात बसवून वेगळा काढावा, आणि शक्य तिथे बायक्रोमेटऐवजी डायझोचे इमल्शन घ्यावे. ते महाग पडते. तरी ज्या गावाने पाण्यासाठी एवढे सोसले त्या गावाच्या नदीचा विचार हिशेबात धरायलाच हवा.

धुतलेली जाळी सुकवणे सोपे वाटते, पण सगळ्या कष्टांवर पाणी इथेच पडते. पुसायचे नाही, फडक्याचे तंतू राहतात. फ्रेम तिरकी उभी करून पाणी एका कोपऱ्यात निथळू द्यावे आणि तिथे स्पंज नुसता टेकवून ते टिपून घ्यावे. पंखा लावायचा तर आधी त्याची पाती पुसलेली हवीत आणि खालची फरशी ओली केलेली हवी. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात बारीक तंतू असतात, उन्हाळ्यात फुफाटा असतो. म्हणून अनेकजण जुन्या लोखंडी कपाटालाच सुकवणीची पेटी करतात: दाराला बारीक जाळी, आत आडव्या पट्ट्या, खाली साठ वॅटचा दिवा. आतली उष्णता ४० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. श्रावणात हवा दमट असते, तेव्हा जाळी सुकली असे वाटले तरी अर्धा तास जास्त द्यावा. ओलसर जाळीवर चढलेले इमल्शन आतून कच्चे राहते. शेवटी सुकतो तो चौकटीचा सांधा, त्यामुळे सुकल्याची खात्री जाळीला हात न लावता सांध्यावर बोट ठेवून करतात.

सुकलेली जाळी उन्हात, धुळीत किंवा स्वयंपाकाच्या वासात ठेवू नये. फोडणीचा धूर हाही तेलाचाच असतो, आणि घरातच छापखाना असलेल्यांना हे विशेष लागू आहे. इमल्शन त्याच दिवशी, पिवळ्या दिव्यात चढवावे. ते जमले नाही आणि जाळी रात्रभर उघडी राहिली, तर सकाळी ती पुन्हा मोरीत नेतात, पुन्हा ब्रश फिरवतात आणि पाण्याचा पडदा पुन्हा पाहून घेतात.